मिलोराद काकांचं एक वाक्य

ऑगस्टमधला शेवटचा शनिवार, शंभर डॉलर, आणि माझ्या किचनमध्ये आम्ही दोघंच — मी आणि शेजारचे मिलोराद काका. त्या दुपारचं मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये ते मुलीकडे राहायचे. सर्बियात मात्र घराघरात ओळखला जाणारा सिनेनट. बेलग्रेडमध्ये ट्रामचा कंडक्टर त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेत नसे, असं मुलगी सांगायची. मग युद्ध आलं. सरकारनं टीव्हीवर युद्धाच्या बाजूनं बोलायला सांगितलं, ते नाही म्हणाले. त्यानंतर तिथे त्यांना एकही सिनेमा मिळाला नाही. हे नकाराचं त्यांनी इथे मला एकट्याला सांगितलं होतं. म्हणजे मंडळात कुणाला माहीत होतं, तर ते मलाच.

आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एकांकिका होते. मी खजिनदार. त्या वर्षी आजोबांचं काम मीच काकांना दिलं. काम मुकं, शेवटी एकच वाक्य — 'दार उघडंच ठेव गं.' नात माझी मुलगी, सई. त्या एका वाक्यासाठी काका महिनाभर आमच्या किचनमध्ये येत होते. 'घ' आणि 'ठ' काही केल्या जमेनात. "तुमच्या भाषेत दार उघडायलासुद्धा दम लागतो," म्हणायचे.

मग कमिटीच्या मीटिंगमध्ये आमचे मोठे देणगीदार, एक रिटायर्ड डॉक्टर, म्हणाले, "सर्ब ना रे तो? तिकडे युद्धात काय केलं त्या लोकांनी, वाचलंयस का? आणि तू त्याला गणपतीसमोर उभा करतोयस!"

"खजिनदारसाहेब, हिशेब चुकला तुमचा," कुणीतरी हसलं.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं — त्या युद्धाला ते नाही म्हणाले होते. काकांना होतं तेवढंच. बोललो का? नाही. देणगी जाईल, मग हॉलचे पैसे कुठून — मनात बेरीज करत बसलो.

त्या शनिवारी काकांना म्हटलं, एकांकिका कॅन्सल केली, हॉलचं फिसकटलं. खोटं — सगळंच. त्यांनी विचारलं, "डिपॉझिट बुडालं?" मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यांनी पाकीट काढलं. "आमच्यात नाटक पडलं की तोटा सगळ्या नटांनी वाटून घ्यायचा," म्हणाले आणि नोटा टेबलावर ठेवल्या. नको म्हटलं असतं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी घेतल्या.

प्रयोगाच्या दिवशी गॅरेजचं दार बंद ठेवून सामान गाडीत भरलं. पण सई नऊवारी नेसून आधीच अंगणात गेली होती. गाडीत म्हणाली, "काका वेव्ह्ड ॲट मी, बाबा. व्हाय इज ही नॉट कमिंग?"

बरं नाही त्यांना, म्हटलं. पुन्हा खोटं.

आजोबा शेवटी मीच झालो. ते वाक्य मी म्हटलं. टाळ्याही पडल्या.

काकांनी कधी काही विचारलं नाही. पैसे मागितले नाहीत. हिवाळ्यात दारातला बर्फ काढताना दिसलो, की पूर्वीसारखाच हात करायचे. किचनमध्ये मात्र पुन्हा आले नाहीत.

मार्चमध्ये ते गेले. मी शंभर डॉलर पाकिटात घालून त्यांच्या मुलीला दिले. "फुलांसाठी," म्हटलं. तिनं माझे आभार मानले.