दादाच्या हातात स्कॅनर गप्प

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा सांगायला जातो, असला माझा स्वभाव. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय... तेही भरदिवसा.

दोन हजार सात-आठ साल असेल. भिवंडीजवळ काल्हेरला एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये मी आणि माझा चुलत भाऊ हरेशदादा कामाला होतो. ते गोडाऊन आमच्याच भाताच्या शेतावर उभं होतं. जमीन विकताना बोली झाली होती – घरटी एक नोकरी.

मग नवी सिस्टीम आली. आधी सुपरवायझर ओरडून काम सांगायचा, आता प्रत्येकाच्या हातात स्कॅनर. कुठल्या रॅकमधून कुठला खोका काढायचा ते स्क्रीनवर येणार, तो स्कॅन केला की पुढचं काम हजर. डोकं चालवायचं नाही, नुसते पाय चालवायचे. आठवड्याभरात सगळे सरावले. बिहारची पोरं तर त्याला ‘मुनीमजी’ म्हणायला लागली.

दादाच्या स्क्रीनवर मात्र – नो टास्क.

स्कॅनर बदलला, लॉगिन बदललं... नो टास्क. चहाला जाताना आम्ही एकमेकांचे स्कॅनर बिनधास्त वापरायचो, तशी मी एक युक्ती केली. काम दाखवत असलेला माझा स्कॅनर दादाच्या हातात दिला. लगेच नो टास्क! परत घेतला, तर काम आलं.

साहेबांनी सॉफ्टवेअरवाला बोलावला. “हात कुणाचा आहे हे मशीनला कळतच नाही हो,” असं तो हसत म्हणाला. मग स्वतः दादाच्या हातात स्कॅनर देऊन पाहिला आणि बॅग आवरायला लागला. ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ एवढं सांगून निघून गेला, तो परत आलाच नाही.

दादा दिवसभर नुसता उभा. मी साहेबांशी भांडलो, मग हातापाया पडलो. ते म्हणाले, “अरे, मी तरी काय करू? सिस्टीमच त्याला काम देत नाही.”

“तू नको भांडू,” दादा मला म्हणाला. “झाडू मारतो म्हनलं, तं ते पन न्हाय. जमीन गेली, आता काम पन न्हाय. पोरांना काय सांगू रं?”

महिनाअखेर त्याला काढलं. वीटभट्टीपासून रिक्षापर्यंत त्याने सगळं करून पाहिलं, पण माणूस खचला तो खचलाच.

काकी, म्हणजे त्याची आई, एकच म्हणायची, “आरं, जागा वळखते त्याला. मालकाला काम कोन सांगल?”

खरं काय ते मला आजही माहीत नाही. बऱ्याच जाणकारांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. काकीचं म्हणणं मानावं, तर ते मला जास्तच झोंबतं. ती जमीन जेवढी दादाची होती, तेवढीच माझीही होती... आणि मला मात्र ते यंत्र रोज न चुकता काम सांगायचं. मी मुकाट्याने जायचो.