पोकळ खांबांची गिरणी

...तर केयाने त्या खांबावर हातोडी मारली आणि आतून मडक्यासारखा आवाज आला, इथवर काल सांगून झालं. केया म्हणजे माझी नात, माझ्या मुलाची, मनोहरची मुलगी. जन्म टेक्सासमधल्या फ्रिस्कोचा, शिकली जुन्या इमारती दुरुस्त करायला. तिथली बाकीची पोरं कॉम्प्युटरपुढे, ही शिडीवर! साउथ कॅरोलिनातली एक सव्वाशे वर्षांची बंद कापडगिरणी पुण्याच्या राजीवने घेतलीय, घरं करायला. केयाचं हे पहिलंच स्वतंत्र काम, म्हणून मीही तिच्याबरोबर गेलो.

अहो, काय ती गिरणी! नदीकाठी लाल विटांचा नुसता डोंगर. एकेक खिडकी आमच्या शाळेच्या दारापेक्षा उंच, कारण तेव्हा दिव्यांपेक्षा उन्हावर भरवसा. जिना वेगळ्या मनोऱ्यात, कापसाला आग लागली तर ती जिन्याने वर चढू नये म्हणून. केया सांगत होती, आसपासच्या शेतांत कापूस वेचायला काळी माणसं, पण मागावर कितीतरी वर्षं गोरीच. माग केव्हाच गेले. तेल प्यालेली लाकडी जमीन मात्र अजून चकाकते. आणि खांब! अख्ख्या पाइनचे, खालच्या मजल्यावर जाडजूड, वर जावं तसे सडपातळ.

केयाने चार ठोकले, चारही पोकळ. "आतून सडलेत," असं तिने राजीवला कळवून टाकलं. लोखंडी खांबांचा ट्रक दारात आला. सकाळी जुन्या खांबांवर करवत चालणार.

संध्याकाळी मी एका खांबाला टेकून बसलो, तर कमरेजवळून गार वारा खांबाकडे ओढला जातोय! बघतो तर बुडाशी बोटभर भोक. केयाला हाक मारली. ती पोटावर झोपली, टॉर्च मारला, मग शिडीवरून सरसर वर. तुळईखाली तसंच भोक.

"आजोबा, हे मुद्दाम ड्रिल केलंय! लाकूड आतून वाळावं म्हणून, खालपासून वरपर्यंत."

तिने गिरमिटाने खांबाच्या अंगातला भुसा काढला. पिवळाधमक, राळेचा वास येणारा, सडल्याची खूणही नाही. मी पूजेला आणलेली उदबत्ती खालच्या भोकाशी धरली. धूर आत गेला. आम्ही दोघं माना वर करून उभे. बराच वेळ काहीच नाही. मग तुळईखालून एक निळी रेघ हळूच बाहेर आली. सव्वाशे वर्षांपूर्वी तोडलेलं झाड श्वास घेत होतं हो!

केया मात्र खाली बसली; सडलेत असं तिनेच तर कळवलं होतं. गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? खांब कापले गेले असते आणि तिचा शब्द खरा ठरला असता.

सकाळी राजीव हसतच आला. "काय इंजिनिअरबाई, करू ना करवत चालू?"

"नको, काका. थांबवा. खांब ठणठणीत आहेत."

"अगं, ट्रक दारात उभाय! ज्यांनी पैसे घातलेत त्यांना काय सांगू? घोळ कोणी घातला?"

"मी घातला, काका. पोकळ म्हणजे सडलेलं, असं धरून चालले, भोकं बघितलीच नाहीत. माझं नाव घेऊन सांगा. आणि माझ्यावर ट्रस्ट नसेल तर दुसऱ्या कोणालाही आणा, पण आधी त्याला इथे पोटावर झोपून बघायला लावा."