शिमोन वाक्रुळकरांनी पाहिलेला समुद्र

आमच्या शेजारच्या घरात टॉयलेटच्या दारावर, आतल्या बाजूने, माशांचा एक तक्ता लावलेला आहे. दार लावून बसलं की समोर चोवीस मासे. त्या घरात मी वीस वर्षं चहा पीत आलोय, त्यामुळे या चोवीस जणांशी माझी चांगलीच ओळख झाली आहे. पहिल्या ओळीत डावीकडून पोपटमासा, मग निळा-पिवळा एंजलफिश, मग फुलपाखरू मासा, मग एक लालभडक डोळेवटारू, ज्याचं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नाही. हा तक्ता लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

घर शिमोन वाक्रुळकरांचं. हॅरोमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. आडनाव वाक्रूळ गावावरून, पण ते गाव त्यांनी कधी पाहिलेलं नाही; बालपण गेलं रेवदंड्याला. पुढे लंडनला आले आणि एकतीस वर्षं मेट्रोपोलिटन लाइनची ट्रेन चालवली. हॅरोतल्या निम्म्या मराठी डॉक्टरांना त्यांनी वेळेवर कामावर पोचवलंय, पण मंडळाच्या गणपतीत डॉक्टर पहिल्या रांगेत आणि हे चपलांजवळ. मी एकदा म्हटलं, "शिमोनराव, पुढे बसा की." तर म्हणाले, "ड्रायव्हर पुढे बसला तर लोकांना वाटतं, आता निघायचंय."

अशा माणसाला साठीनंतर समुद्राच्या तळाशी जायची हौस कशी आली, हे मी तुम्हाला सांगतो, कारण मला सगळं माहीत असतं. मी संजय. रोझीवहिनी मला 'भाऊ' म्हणतात आणि माझ्या पाठीमागे 'बीबीसी'.

शिमोनराव समुद्राकाठी वाढले खरे, पण त्यांच्या मते त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. "आमच्याकडचा समुद्र म्हणजे दूध कमी पडलेला चहा," ते म्हणायचे. "बुडी मारून डोळे उघडले तर स्वतःचा हात दिसायचा नाही." मग एकदा अ‍ॅमरशॅमला, लाइनच्या शेवटच्या स्टेशनात, गाडी रिकामी करताना त्यांना सीटवर कोणीतरी विसरलेलं डायव्हिंगचं मासिक सापडलं. मध्ये हा तक्ता होता, घडी घालून. शिमोनरावांनी तो घरी आणला, प्लास्टिकमध्ये बसवून घेतला आणि वहिनींनी दिवाणखान्यात लावू दिला नाही, म्हणून टॉयलेटमध्ये लावला.

"यात खाता येण्यासारखे किती?" मी विचारलं होतं. त्यांच्यात पंख आणि खवले असलेलाच मासा चालतो, कोळंबी-खेकडा वर्ज्य.

"तुझं सगळं पोटावरून," ते म्हणाले. "अरे, रंग बघ ना."

रंगाचं त्यांना भारी. जन्मभर तीनच रंग बघितले, लाल, पिवळा, हिरवा, आणि त्या तीन रंगांवर संसार केला. तीन वर्षांपूर्वी कामावरच्या डोळेतपासणीत मात्र ते अडकले. नंतर हॉस्पिटलात नीट सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. त्याआधी रंग फिके होतील. एका प्रकारच्या झिजेवर इंजेक्शन असतं, शिमोनरावांची दुसऱ्या प्रकारची. किती दिवस? दोन वर्षं, तीन, सांगता येत नाही.

त्या दिवशी घरी येऊन ते आधी टॉयलेटमध्ये गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. वहिनींनी मला हाक मारली. मी दारावर टकटक करून म्हटलं, "शिमोनराव, गाडी टनेलमध्ये अडकली का?"

आतून आवाज आला, "संजय, चोवीसच्या चोवीस दिसतायत अजून. मी तिकडे जाणार."

'तिकडे' म्हणजे कॅरिबियनमधलं एक बेट. त्याचं नाव वहिनींना कधी नीट घेता आलं नाही, त्यामुळे घरात सगळे 'तिकडे'च म्हणायला लागले.

तर गेल्या ऑक्टोबरात शिमोनराव चौसष्टाव्या वर्षी डायव्हिंग शिकायला लागले. सोबत मुलगी अविवा. ती केंब्रिजला लॅबमध्ये काम करते, तिला डायव्हिंग आधीपासून येत होतं. डॉक्टरने सही केली ती याच अटीवर, की मुलगी हाताच्या अंतरावर राहील. या देशात समुद्राआधी खाणीत डुबवतात. लेस्टरशायरमध्ये दगडाची जुनी खाण, तिच्यात पाणी भरलेलं, आणि तळाशी मुद्दाम बुडवलेली एक बस. मीही गेलो होतो, थर्मास धरायला. काळा रबरी सूट चढवलेले शिमोनराव फुगवलेल्या वांग्यासारखे दिसत होते. तसं मी त्यांना सांगितलंही.

शिकवणारी बाई म्हणाली, खाली जाल तसा लाल रंग सगळ्यांत आधी जातो, लाल वस्तू करडी दिसायला लागते. शिमोनराव म्हणाले, "म्हणजे खाली सिग्नल पाळायला नको." मी भाषांतर करून सांगितलं, पण बाई हसली नाही. मग तिने प्रत्येकाच्या हातात टॉर्च दिला. जवळून प्रकाश पाडला की गेलेला रंग परत येतो म्हणे.

वीस मिनिटांनी ते वर आले. थंडीने ओठ जांभळे. तोंडातली नळी काढली आणि ओरडले, "लाल! अरे, बस लाल आहे! टॉर्च मारला आणि लाल झाली!"

"लंडनमध्ये राहून लाल बस बघायला इथवर आलात," मी म्हटलं. पण त्यांचे डोळे बघवत नव्हते, इतके खूश होते.

रोझीवहिनींनी तेव्हाच नवस बोलला. त्यांच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं मांडलेलं मोठं ताट, प्रार्थना, आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. काम झालं की मलिदा. वहिनी म्हणाल्या, "यांना तिकडे रंग दिसू देत एकदा, मी दहा माणसं बोलावून मलिदा करीन." प्रार्थनेला त्यांची दहा माणसं लागतात आणि आमच्या भागात ती जमवायची म्हणजे पासष्ट फोन. वहिनींनी ऑक्टोबरातच सुरुवात केली.

फेब्रुवारीत बापलेक गेले. दहा दिवसांचा बेत होता. हॅरोत सकाळी गाड्यांच्या काचा खरवडाव्या लागत होत्या. मी रोज वहिनींना विचारायचो, "फोन आला का?" आणि त्या म्हणायच्या, "आला. बरे आहेत म्हणाले. माशांचं काही बोलले नाहीत." मला तेव्हाच वास यायला हवा होता. मला कशाचाही वास येतो.

परत आले त्या संध्याकाळी वहिनींनी दारातच विचारलं, "अहो, दिसलं का?"

शिमोनराव बूट काढत होते. वाकल्या वाकल्या म्हणाले, "दिसलं."

"सगळं?"

"सगळं."

वहिनींनी बॅगा आत घ्यायच्या आधी फोन हातात घेतला. रविवारी मलिदा ठरला.

शनिवारी दुपारी अविवा आमच्याकडे खोवणी मागायला आली. मला वाटलं, ही आता फोटो दाखवील. मी हात पुढे केला, तर ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली. ही पोर इथेच जन्मलेली, मराठी बोलते पण बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई करते. मी तिला त्यावरून पाच वर्षांची असल्यापासून चिडवत आलोय. त्या दिवशी नाही चिडवलं.

"संजयकाका, तिकडे काही नव्हता," ती म्हणाली.

"काही म्हणजे?"

"कोरल. सगळी डेड होता. समुद्राचं पाणी खूप गरम झाली, दोन समर. आधी सगळा व्हाइट झाला, मग मेला. मासे पण कुठे कुठे एक, करडे." तिने फोनवर एकच फोटो दाखवला. निळ्या पाण्यात शिमोनराव आडवे तरंगतायत, हातात टॉर्च, आणि टॉर्चचा उजेड पडलाय तिथे खाली पांढरं. चुन्याची फक्की सांडावी तसं. उजेडाच्या बाहेरही पांढरंच.

"ते टॉर्च मारत होते," ती म्हणाली. "एका जागी, मग दुसऱ्या जागी. परत परत. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात असा केला, म्हणजे, आहे का? तुला दिसतंय का?"

"मग?"

तिने अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला. पाण्याखालच्या भाषेत, सगळं ठीक.

"मला दुसरा काय करता येईल, काका? ते तीन वर्षं वाट बघत होते. वर आल्यावर सांगणार होते मी. पण वर आल्यावर ते म्हणाले, छान होतं ना, आणि मी हो म्हटली. मग गाइडला पण सांगितला, प्लीज माझ्या डॅडला काही बोलू नका. बोटीत एक जर्मन कपल होता, ते तसेही बोलत नव्हते."

तीन वेळा खाली गेले म्हणे. चौथ्या दिवशी शिमोनराव म्हणाले, कान दुखतोय. मग उरलेले दिवस खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसले.

ती खोवणी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "कोणाला सांगू नका." हे मला सांगून लोक का दमतात कोण जाणे. पण रविवारपर्यंत मी बायकोलासुद्धा बोललो नाही. शैलाने दोनदा विचारलं, बरं नाही का तुला.

रविवारी दहा माणसं जमली. एक तर कॉव्हेंट्रीहून आले, नऊच होत होते म्हणून. मी अकरावा. मला मोजत नाहीत, पण ताट माझ्यापर्यंत लवकर येतं. प्रार्थना झाली. वहिनींनी नवी साडी नेसली होती आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी पोह्यातले बेदाणे वेचत राहिलो. मग कॉव्हेंट्रीवाले म्हणाले, "शिमोन, सांग तर खरं, काय काय बघितलंस?"

शिमोनरावांनी घसा साफ केला.

"पहिल्यांदा पोपटमासा," ते म्हणाले. "हिरवा, गुलाबी. मग एंजलफिश, निळा-पिवळा. मग ते फुलपाखरू मासे. मग एक लाल, मोठ्या डोळ्यांचा..."

पहिली ओळ. डावीकडून उजवीकडे. मग दुसरी ओळ. एकही मासा जागा सोडून आला नाही. अविवा ताटं उचलून आत गेली. वहिनी मात्र एकेका माशाला मान डोलवत होत्या. टॉयलेटमध्ये त्या तक्त्याकडे त्यांनी कधी डोळे उघडून बघितलं नसावं. मी एकटाच तो पाठ असलेला.

पाहुणे निघाल्यावर शिमोनराव नारळाच्या करवंट्या घेऊन मागच्या अंगणात आले. मी कुंपणाशीच होतो. करवंटी कुठल्या बिनमध्ये टाकायची, हा आमचा वीस वर्षांचा वाद. ते म्हणतात ब्राउन, म्हणजे ओल्या कचऱ्याची, मी म्हणतो काळी, बाकीच्या कचऱ्याची, आणि कौन्सिलच्या पत्रकात नारळाचा उल्लेख नाही.

"ब्राउन," ते म्हणाले, पण झाकण उघडलं नाही.

"काय हो, पोपटमासा पहिल्या नंबरावर कसा आला?" मी म्हटलं. "रांगेत उभे होते का?"

ते माझ्याकडे बघून न बघितल्यासारखे थांबले. मग हळू म्हणाले, "तुला कळलं होय. रोझीला सांगू नकोस. मला काही दिसलं नाही, संजय. सगळं पांढरं. टॉर्च मारला, तरी पांढरंच. अविवाला सगळं दिसत होतं, तिने ओके केलं. म्हणजे डोळे गेलेच माझे, डॉक्टरच्या हिशेबाच्या आधीच. थोडक्यात हुकलं बघ. मागच्या वर्षी गेलो असतो तर..."

मी आयुष्यात इतक्या लोकांना इतकं काही सांगितलंय, पण हे तोंडातून निघता निघेना. शेवटी निघालं. मी म्हटलं, तुमचे डोळे नाही गेले. तिकडे काही नव्हतंच. पांढरं होतं, म्हणून पांढरं दिसलं. पोरीने तुमच्यासाठी ओके केलं.

मला वाटलं होतं, माणूस सुटल्यासारखा होईल. मी गाढव.

ते करवंट्या हातात धरून उभे राहिले. मग बिनच्या झाकणावर एक एक ठेवत गेले, उपड्या.

"सगळं मेलं?"

"तुम्ही गेलात तिथलं तरी. अविवा म्हणाली, दोन उन्हाळे पाणी तापलं."

"मग हे वाईट झालं," ते म्हणाले. "डोळे गेले असं धरून बसलो होतो, तर निदान एकट्याचं गेलं होतं. आपल्याला नाही, पण बाकीच्यांना आहे बघायला. उरलेले दिवस त्या खुर्चीत बसून तेवढंच जमवलं होतं मी. आता ते पण नाही."

मला काहीतरी विनोद सुचायला हवा होता. माझा धंदाच तो. मी म्हटलं, "अहो, मग डोळे शाबूत आहेत ते माझ्यावर वापरा. मला बघा. मी पण रंगीत आहे."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. समोरून बघितलं, मग जरा तिरकं, मग दुसऱ्या बाजूने तिरकं, पक्षी बघतो तसं.

"कान दिसतायत," ते म्हणाले. "टक्कल दिसतंय. स्वेटर कसला, हिरवा?"

स्वेटर मरून होता.

"हिरवाच," मी म्हटलं.

"नाक नाही दिसत तुझं," ते म्हणाले. "मध्ये काही नाही."

आतून वहिनींनी हाक मारली, अहो, राहिलेला मलिदा संजयभाऊंना डब्यात देऊ का, म्हणून. शिमोनरावांनी करवंट्या उचलल्या, दोन्ही बिनची झाकणं चाचपली, आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "काळी कुठली रे यातली?"