चाकूला रुमण्याची मूठ

दुकानातून आणलेली वस्तू निमूटपणे जशीच्या तशी वापरणारी माणसं देवाने भरमसाट निर्माण केली, आणि मग भरपाई म्हणून एकट्या माझ्या साडूंना जन्माला घातलं, अशी माझी पक्की समजूत आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिला नेरळजवळच्या पोशीरमध्ये दिलं आहे; तिचे हे यजमान. घरात नवी वस्तू आली की साडू ती आधी मांडीवर घेतात, चहूबाजूंनी फिरवून बघतात, आणि डॉक्टरने पेशंटची जीभ बघून करावा तसा गंभीर चेहरा करतात. त्यानंतर त्या वस्तूचं काही खरं नसतं. त्यांच्या छत्रीला सायकलच्या हँडलची रबरी मूठ आहे. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा त्यांनी उपटून टाकला आहे, कारण तो ‘उगाच घाई करतो’. कुकरची शिट्टी त्यांना जड वाटली म्हणून त्यांनी ती कानशीने घासली. तेव्हापासून आक्काचा कुकर शिट्टी न देता नुसते उसासे टाकतो आणि डाळ शिजली की नाही हे तिला वासावरून ठरवावं लागतं. मी एकदा धीर करून विचारलं, “साडूभाऊ, वस्तू चांगली चाललेली असताना तिला हात कशाला लावायचा?” त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाले, “ही छत्री कंपनीनं कुनासाठी बनवली? सगळ्यांसाठी. मग आपल्यासाठी कोन बनवनार? आपनच की.”

या माणसाने उभी नोकरी रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात, पॅकिंग खात्यात काढली. तिथे कुठल्याही यंत्राला हात लावायची त्यांना सक्त मनाई होती, आणि कारखाना इतकी वर्षं सुखरूप चालला त्याचं हेच कारण असावं. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी त्यांना शाल, नारळ आणि एक घडीचा चाकू दिला. हा चाकू म्हणजे परदेशी पद्धतीचं लाल रंगाचं अवजार. मुठीत मावेल एवढंच, पण त्याच्या पोटात पातं, कात्री, डबा उघडायचं, पेचकस, दात कोरायची काडी, इवलासा चिमटा, आणि दारूच्या बाटलीचं बूच ओढून काढायचा एक मळसूत्री स्क्रू असं सगळं दडलेलं. साडू माळकरी. त्यांच्या घरात सोड्याची बाटलीसुद्धा येत नाही. तरी तो स्क्रू त्यांनी पुन्हा पुन्हा उघडमीट करून पाहिला आणि म्हणाले, “चीज हाय. फक्त हे लाल प्लास्टिक शोभत नाय.”

इथे मला त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी जाऊन पोचतं. त्यांना गावात सगळे दादा म्हणतात. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. दादा उंच, शिडशिडीत आणि कमी बोलणारे. शेतावरच्या विहिरीचा पंप दोघांचा सामाईक होता. साडूंना एका उन्हाळ्यात वाटलं की पंप पाणी फार सावकाश ओढतो. त्यांनी त्याला सुधारलं. सुधारलेला पंप दुपारभर अत्यंत जोमाने चालला आणि संध्याकाळी जळाला. दुसरी मोटर येईपर्यंत दादांची भेंडी उभ्या जागी वाळून गेली. दादा तेव्हा एकच वाक्य बोलले, “आता माझ्या कशालाबी हात लावू नकोस.” त्यानंतर ते साडूंशी बोललेच नाहीत. बायका बोलत होत्या, भाज्यांच्या वाट्या इकडून तिकडे जात होत्या, पण भाऊ गप्प. मी पोशीरला गेलो की माझी मात्र पंचाईत व्हायची. दादा ओट्यावरून म्हणायचे, “पावनं, त्यांना सांगा, टाकी भरून वाहतेय.” साडू हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी त्यांना सांगायचो. ते म्हणायचे, “त्यांना सांगा, बंद करतो.” मग मी तेही सांगायचो. अशी कित्येक वर्षं गेली. पंप कधीच बदलून झाला होता; हे दुरुस्त करायला मात्र कुणी हात घालत नव्हतं.

तर चाकूचं लाल प्लास्टिक काढून त्या जागी लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या, असं साडूंनी ठरवलं. मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ सापडला होता. त्यात एक सोनेरी दाढीवाला गोरा माणूस हेच काम करताना दिसत होता. भाषा कळत नसल्यामुळे साडू आवाज बंद करून तो बघत. व्हिडिओ पळवून दाखवलेला आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. “कामात सफाई हाय त्याच्या,” ते मला म्हणाले, “पन मानूस भलता चपळ. लाकूड घासतो तर हात दिसत नाय.” मग काही दिवस त्यांनी स्वतःचा वेग वाढवायचा प्रयत्न केला. त्यात अंगठ्याला कानस लागली. प्लास्टिकच्या पट्ट्या मात्र त्यांनी ब्लेडचं पातं सरकवून, खालून दाबून, एकदाच्या उचकटल्या. आत पितळी पत्रे आणि रिव्हेटांची डोकी दिसली, तेव्हा साडूंनी आक्काला हाक मारून ती दाखवली. आक्काने पाहिलं आणि विचारलं, “आता हे परत बसनार का?” या प्रश्नाला त्या घरात आजवर कधी उत्तर मिळालेलं नाही.

पहिल्या पट्ट्या आक्काच्या पोळपाटातून निघाल्या. पोळपाट जुना होता आणि कडेला जरा जास्तच रुंद होता, असं साडूंचं म्हणणं. आक्काचं म्हणणं मी इथे लिहीत नाही. त्या पट्ट्यांना रिव्हेटांच्या डोक्यांसाठी खळगे पाडताना त्या मधोमध उकलल्या. त्यानंतर खालापूरच्या पुढे, कुंभिवलीला हायवेवर, एका वखारीतून सागाचा तुकडा आणला. तो इतका ओला निघाला की दोन दिवसांत केळ्यासारखा वाकला. साडू निराश होऊन बसले. मी त्या रविवारी कर्जतहून त्यांच्याकडे गेलो, तर ते पडवीत उघडा चाकू समोर ठेवून नुसते बघत होते. नागडा झालेला तो चाकू खरंच केविलवाणा दिसत होता. मग ते हळूच म्हणाले, “लाकूड हाय. चांगलं मुरलेलं लाकूड हाय. पन ते तिकडं हाय.” आणि त्यांनी हनुवटीने समोरच्या घराकडे खूण केली.

दादांच्या गोठ्याच्या आढ्याला त्यांच्या वडिलांचा नांगर टांगलेला होता. पॉवर टिलर आल्यापासून त्याला काम नव्हतं. त्या नांगराचं रुमणं, म्हणजे नांगरताना हातात धरायचा दांडा, वडिलांच्या तळव्याने घासून घासून काळं आणि काचेसारखं गुळगुळीत झालेलं होतं. साडूंना त्यातला वीतभर तुकडा हवा होता. “तुमी विचारता का?” ते म्हणाले. मी नकार दिला. निरोप्याचं काम मी इतकी वर्षं केलं होतं, पण नांगर कापायचा निरोप माझ्याच्याने पोचवला जाणार नव्हता. मग साडू उठले, पैरण झटकली, आणि अंगण ओलांडलं. मी मागून गेलो, कारण काही झालं तर आक्काला सांगायला कुणीतरी हवं होतं.

दादा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. साडू त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सरळ त्यांनाच म्हणाले, “दादा, बाबांच्या नांगराचं रुमणं पायजे. वाईच तुकडा.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी त्यांना स्वतःच विचारावं लागलं. “कशाला?”

साडूंनी खिशातून चाकू काढून दाखवला. दादांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. “हे तू केलंस?”

“हां.”

“चांगला व्हता का आधी?”

“चांगला व्हता.”

मला वाटलं, आता पंप निघणार, भेंडी निघणार. पण ते उठले, आत गेले, आणि करवत घेऊन आले. “रुमण्याला खालच्या अंगाला कीड लागलेली हाय. तिकडचं काप. वरचं नाय, जिथं बाबांचा हात व्हता ते नाय.”

“मला वरचंच पायजे,” साडू म्हणाले.

दादांनी करवत त्यांच्या हातात दिली. मग दादा म्हणाले, “मग माझ्यासमोर काप. आनि मी धरतो. तुझा हात हालतो.”

नांगर खाली उतरवला. दादांनी पायाखाली रुमणं दाबून धरलं आणि साडू करवत चालवू लागले. त्यानंतरचा संवाद मी जन्मात विसरणार नाही, कारण त्यात इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडत होतं. “सरळ घे रं.” “सरळच हाय.” “हे सरळ? तुझा पंप पन असाच सरळ व्हता.” “पंपाचं बेअरिंग आधीच गेलेलं व्हतं, दादा.” “बेअरिंग गेलं नव्हतं, तू घालवलंस.” “बरं, मी घालवलं. आता पाय हलवू नकोस.” करवतीचा भुसा दोघांच्या पायांवर पडत होता. आतून दादांची मंडळी आणि अंगणापलीकडून आक्का, दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

दुपारभर घासणं चाललं. दादांचा हात साडूंपेक्षा बरा होता असं नाही, पण त्यांना घाई नव्हती. दोन पट्ट्या तयार झाल्या. एक जराशी जाड, एक जराशी पातळ. मग चिकटवण्याची वेळ आली. दोन नळ्यांतला डिंक एकत्र करून लावायचा होता. सोनेरी दाढीवाल्याने थेंबभर लावला होता. साडू म्हणाले, “त्याच्या देशात हवा कोरडी. आपल्याकडं दमट. आपल्याला जास्त लागनार.” आणि त्यांनी लावला. पट्ट्या बसल्या, सुतळीने बांधल्या, चहा झाला. तासाभराने सुतळी सोडली, तेव्हा चाकू इतका देखणा दिसत होता की आम्ही सगळे जवळ सरकलो. काळंभोर, तुकतुकीत लाकूड, बाबांच्या हाताचं. साडूंनी पात्याच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं आलं नाही. कात्री आली नाही. पेचकस जागचा हलला नाही. जास्तीचा डिंक सगळ्या फटींतून आत उतरून सिमेंटासारखा बसला होता. फक्त बूच काढायचा तो मळसूत्री स्क्रू तेवढा अलगद, ऐटीत बाहेर आला.

साडूंचा चेहरा पडला. त्यांनी चाकू दादांच्या पुढे केला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “दादा, बाबांचं रुमणं फुकट घालवलं मी.”

दादांनी तो स्क्रू पाहिला. माळकऱ्याच्या हातात तो वळणावळणाचा स्क्रू. आणि दादांना हसू फुटलं. आधी ते नाकातून हसले, मग खांबाला धरून हसले, मग खाली बसून डोळे पुसत हसले. “एकच हत्यार चालतंय,” ते म्हणाले, “नि तेबी दारूचं.” साडूंना आधी राग आला. मग तेही बसले आणि हसू लागले. दादांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मंडळींनीही बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं, कारण त्या पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

पुढे आक्काच्या सल्ल्याने चाकू कोमट पाण्यात ठेवणं, सुईने डिंक कोरणं, तेल सोडणं, असे उपाय दोघांनी मिळून सुरू केले. हे काम रोज संध्याकाळी दादांच्या ओट्यावर चाले. एकेक करून कात्री सुटली, पेचकस सुटला, डबा उघडायचं सुटलं. प्रत्येक वेळी मला फोन यायचा, जणू घरात बारसं आहे. मोठं पातं मात्र काही केल्या हलेना. पण ते हलावं अशी घाई दोघांनाही दिसत नव्हती. मी गेलो की दोघे शेजारी बसलेले असत, मध्ये तेलाची वाटी. माझ्यामार्फत निरोप देणं बंद झालं होतं. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्यासारखंच व्हायचं.

नंतरच्या वर्षी दादांचे गुडघे फार धरू लागले. तिथे जिना चढायला नको, दवाखानाही इमारतीच्या खालीच, म्हणून मुलाने त्यांना पनवेलला आपल्या फ्लॅटवर नेलं. निघायच्या दिवशी टेंपोत गाद्या आणि भांडी चढली. साडूंनी चाकू काढून दादांच्या हातात दिला. “ठेव.”

“तिकडं मी काय कापनार?”

“काय नाय. नुसता धर.”

दादांनी मूठ वळली आणि अंगठा लाकडावरून फिरवला. मग चाकू खिशात टाकून ते पुढच्या सीटवर बसले.

परवा मी पोशीरला गेलो होतो. साडू एकटेच पडवीत बसले होते. समोरच्या घराला कुलूप होतं आणि पडवीच्या पायरीशी आक्काने वाल सुकत घातले होते. मी विचारलं, दादा काय म्हणतात.

“काल फोन आलेला त्याचा,” ते म्हणाले. “मोठं पातं उघडलं म्हनला. टीवी बघत बसलेला, नख घातलं, नि आपसूक आलं.”

“अरे वा,” मी म्हणालो. “मग चांगलं झालं की.”

“हां, चांगलं झालं,” साडू म्हणाले. त्यांनी वाल उगाच हाताने सारखे केले. “पन त्याच्याजवळ कोन नव्हतं तवा.”