यावेळी उपस्थित होते

हिलालला भाषण कधी जमलं नाही. माईक हातात आला की तो शेजारच्याकडे द्यायचा. तरी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेत धुळे-जळगावकडे त्याच्यावाचून पान हलत नसे, कारण प्रेस नोट लिहावी ती त्यानेच. मोर्चा अजून घोषणा देत असायचा आणि हिलाल एखाद्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसून मोबाइलवर बातमी उरकत असायचा. 'तीव्र निदर्शने', 'परिसर दणाणून सोडला', 'अन्यथा उग्र आंदोलन'. हे शब्द आपोआप यायचे. डोकं चालवायचं ते शेवटच्या ओळीत. 'यावेळी' म्हणून नावांची रांग सुरू व्हायची आणि 'आदी उपस्थित होते' इथे संपायची. पोरं दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढीच ओळ वाचायची. नाव सुटलं तर आठवडाभर बोलायची नाहीत. म्हणून हिलालचा हात सैल होता. एखादा यायला निघाला आणि त्याची एसटी चुकली, तरी त्याचं नाव तो टाकून द्यायचा. कुणाचं काय जात होतं?

सात वर्षांपूर्वी अडलेल्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी धुळ्यात एका सरकारी कार्यालयावर मोर्चा नेला. पोरं आली चौदा. त्यांनी गेटला कुलूप ठोकलं, ढकलाढकली झाली, एका शिपायाचा चष्मा फुटला. जिल्हाध्यक्ष प्रेमराजने हिलालची नोट वाचली आणि तोंड वाकडं केलं.

"चौदाच? साखरपुड्याला याच्यापेक्षा जास्त येतात."

"आलेच तेवढे, भाऊ."

"आणि मुली? वरचे लोक मला विचारतात, तुमच्या जिल्ह्यात मुली जन्मत नाहीत का?"

हिलालने पिशवीतून सभासद नोंदणीचे फॉर्म काढले आणि त्यातली सहा नावं नोटेत चढवली. त्यात नूतन होती. पारोळ्याकडच्या एका खेड्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. तिचा एसटीचा पास अडला होता तेव्हा ती संघटनेकडे आली होती. पास मिळवून देताना हिलालनेच तिचा फॉर्म भरला होता. तिचं नाव लिहिताना त्याला काही वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. पोरीचं नाव पेपरात येईल, घरी कात्रण जपून ठेवतील.

कात्रण जपून ठेवलं ते पोलीस ठाण्याने. त्या गर्दीत कोण कोण होतं हे तपासणाऱ्या हवालदाराला माहीत नव्हतं. त्याने पेपर समोर धरला आणि वीसच्या वीस नावं आरोपी म्हणून उतरवून घेतली. जमावबंदीचा भंग, सरकारी कामात अडथळा.

मोर्चाच्या दिवशी नूतन केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला होती. समन्स आल्यावर ती हिलालकडे धावत आली.

"दादा, पेपरवाल्याने माझं नाव कसं टाकलं?"

"बघतो मी," हिलाल म्हणाला.

तो प्रेमराजकडे गेला. प्रेमराजने चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "तू काय सांगणार? नोट खोटी होती? मग उद्यापासून आपली एक ओळ तरी कुणी छापेल का? राजकीय गुन्हे सरकार मागे घेतंच. बस गप्प."

हिलाल गप्प बसला. त्या महिन्यात प्रदेश कार्यकारिणीसाठी त्याचं नाव जाणार होतं. ते गेलं नाही, पण तो गप्प बसला होता ते त्यासाठीच.

सरकारं आली, गेली. ज्यांचे मामा-काका वजनदार होते त्यांची नावं तपासातच गळली. प्रेमराज दुसऱ्या पक्षात गेला, त्याचंही नाव गळलं. उरली नऊ. त्यात हिलाल होता आणि नूतन होती.

तेव्हापासून दर तारखेला ती दोघं धुळ्याच्या कोर्टात एकाच बाकावर बसत आली. हिलाल आता एरंडोलच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. तारखेच्या दिवशीचे तास बुडतात. नूतनबरोबर तिची आई यशोदाबाई येते, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून. पुकारा व्हायला दुपार होते, तोवर ती फडकं सोडते आणि पहिली भाकर हिलालच्या हातावर ठेवते.

"खाय रे भाऊ. तू शे म्हनीसन माले धीर शे."

तो आहे म्हणून तिला धीर होता; नको म्हणावं, तर का नको हे सांगावं लागलं असतं. तो खायचा. तोंडातला घास फिरत राहायचा, आणि यशोदाबाई म्हणायची, "तिखट झाया का?"

यंदा नूतन वनरक्षकाच्या परीक्षेत निवडून आली. जळगावला मैदानी चाचणीत तिने पोरींच्या गटात दुसरा नंबर काढला. मग चारित्र्य पडताळणीत केस निघाली. वनखात्याचं पत्र आलं: तीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला घेऊ. तिचं वय सव्वीस. पुन्हा भरती कधी निघेल, कुणी सांगावं.

त्या तारखेला तीसपैकी अकरा दिवस उरले होते. यशोदाबाई पाणी भरायला गेली होती. नूतन बाकावर पत्राची घडी घालत होती, उलगडत होती.

"बन्सीलाल वकील म्हणतात, प्रॅक्टिकलची हजेरी कॉलेजने रद्दीत घातली. आता एकच मार्ग आहे. पेपरला नावं ज्याने दिली त्याने प्रतिज्ञापत्र करायचं, की ही मुलगी तिथे नव्हती. मग मला वगळायचा अर्ज लगेच टाकतील." तिने मान वर केली. "दादा, तुम्ही तेव्हा सगळ्यांना ओळखायचे. प्रेस नोट कोण लिहायचं?"

प्रेमराजचं नाव जिभेवर आलं. तो आता दुसऱ्या पक्षात होता, त्याचं नाव घेणं सोपं होतं. कुणालाही खरं वाटलं असतं.

"मी," तो म्हणाला.

ती हसली. तिला वाटलं तो गंमत करतोय. मग हसू ओसरलं.

"माझं नाव कुठून मिळालं तुम्हाला?"

"फॉर्म होता ना तुझा. पासचा."

"का टाकलं?"

"मुली हव्या होत्या. दोन."

शिपायाने कुणाच्या तरी नावाचा पुकारा केला, ते नाव जिन्यापर्यंत गेलं आणि परत आलं.

"दुसरी मेघा ना?"

मेघा नावाची कुणी हिलालला आठवेना. तिच्या चुलत्याच्या ओळखीने तिचं नाव पहिल्याच महिन्यात वगळलं होतं. ती एकाही तारखेला आली नव्हती.

"माझ्या खोलीत होती ती होस्टेलला," नूतन म्हणाली. "तिच्या बापाने पेपर वाचला आणि दुसऱ्या दिवशी येऊन तिची ट्रंक उचलली. सुरतला दिली तिला. ती शपथा घेत होती, मी गेलेच नाही. तेव्हा तुम्ही एक फोन केला असता तरी त्यांनी ऐकलं असतं. पक्षाचा माणूस म्हणून."

यशोदाबाई बाटली घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये बसली. "बठ्ठा सुटी ग्यात, मनी पोरच का बरं अडकनी?" सगळे सुटले, आपलीच पोर अडकली, हे ती नेहमीसारखं म्हणाली आणि फडकं सोडू लागली.

"आई, राहू दे," नूतन म्हणाली. "चला सर, वकिलांकडे."

सात वर्षं ती त्याला दादा म्हणत होती.

बन्सीलाल वकिलांनी दोनदा विचारलं, "विचार केला ना? खोटी माहिती दिली असं तुम्हीच लिहून देताय. कॉलेजात कळलं तर तुमचे तास जातील."

"लिहितो," हिलाल म्हणाला. त्याने कच्चा मसुदा स्वतःच्या हाताने लिहायला घेतला. एका तासात चार बातम्या लिहिणारा माणूस पहिल्या वाक्याला अडला. मग त्याने साधं लिहिलं, की सदर दिवशी नूतन तिथे उपस्थित नव्हती, तिचं नाव मी तिला न विचारता लिहिलं. कागद त्याने पुढे सरकवला.

नूतनने तो उभ्यानेच वाचला आणि परत दिला.

"मेघाचंही लिहा."

वकील म्हणाले, "तिच्यावर आता केसच नाही. उगाच गुंता होईल."

"तरी लिहा."

हिलालने पेन उचललं. "तिचं सासरचं आडनाव काय?"

"सासरचं नको," नूतन म्हणाली. "तिच्या बापाचं नाव लावून लिहा. तुम्ही छापलं होतं तसं. त्याला वाचायला द्यायचंय."