बाबांचं ‘ठीक आहे’ आणि फ्लोरिडाचा समुद्र

फ्लोरिडाहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी आमच्या गाडीच्या सीटखालून अजून वाळू निघते. किश्शांचंही तसंच झालंय. इथे आमच्या गावात, पार्सिपनीत, कुणाकडे जेवायला गेलं, की “ते नारळाचं सांग ना” अशी फर्माईश होते, आणि एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. तेव्हा एकदा सगळे ओळीने सांगूनच टाकते.

बाबा म्हणजे माझे सासरे. गुहागरच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. २००६ मध्ये ते आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आईंना अमेरिकेतलं सगळंच आवडलं, अगदी डिशवॉशरसुद्धा. बाबांचा मात्र प्रत्येक गोष्टीवर एकच शेरा, “ठीक आहे.” न्यूयॉर्कच्या इमारती, ठीक आहे. नायगारापाशी तर प्रसाद, माझा नवरा, धबधबा सोडून बाबांच्या तोंडाकडेच बघत उभा होता. बाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, “ठीक आहे. पाणी मुबलक आहे.”

जानेवारीत त्यांचं परतीचं विमान होतं, आणि “एकदा पाहिलं, आता पुन्हा येणं नाही” हे त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. प्रसादने ते फार मनाला लावून घेतलं. आपण ज्या देशात घर केलं, तिथलं एक तरी काही बाबांना मनापासून आवडावं, एवढीच त्याची इच्छा. शेवटचा उपाय म्हणून ख्रिसमसच्या सुट्टीत त्याने फ्लोरिडात अगदी बीचवरचं हॉटेल बुक केलं.

“समुद्र?” बाबा म्हणाले. “गुहागरच्या माणसाला?”

* * *

ड्राइव्ह दोन दिवसांचा. रात्री वाटेतल्या मोटेलवर पोचलो, तर बॅगा उतरायच्या आधीच बाबांनी फोन मागितला. प्रवासाला गेलेल्या माणसाने पोचल्यावर घरी कळवायचं, हा त्यांचा नियम. त्यांचे धाकटे भाऊ अण्णाकाका गुहागरलाच असतात. त्यांनी नुकताच मोबाइल घेतला होता. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

“अण्णा, पोचलो.”

“बरं.”

संपला फोन! प्रसाद म्हणाला, “बाबा, परदेशी फोनच्या कार्डावर अजून भरपूर मिनिटं आहेत. बोला की.”

“पोचलो म्हटल्यावर आणखी काय बोलायचं?”

हे दोघे भाऊ गुहागरला रोज संध्याकाळी वाळूत बसून सूर्यास्त बघतात. तिथेही बोलत नाहीत म्हणे. आई एकदा मला हळूच म्हणाल्या, “इथे यांना दुसरं काही कमी नाही गं. तेवढी संध्याकाळ नाही.” बाबांनी मनगटावरचं घड्याळही अमेरिकेच्या वेळेला लावलं नव्हतं. ते गुहागरच्याच वेळेवर चालायचं.

* * *

आता नारळ. ख्रिसमसच्या दिवशी बीचवर हाफपँटीतला सांताक्लॉज फिरत होता, आणि आमच्या आई काठाची साडी नेसून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. हातात सुपरमार्केटमधून आणलेला नारळ. आमची सात वर्षांची लेक सई लाजून चूर. “आजी, नोबडी गोज इन द वॉटर इन अ सारी!”

“मी पोहायला नाही आले बाळा. याची-माझी पहिली भेट आहे, रिकाम्या हाताने कशी येऊ?” असं म्हणून त्यांनी नमस्कार केला आणि नारळ सोडला.

पाच मिनिटांत एक सर्फिंग करणारा उंच मुलगा धापा टाकत आला. लांबवर जाऊन त्याने तो नारळ पकडून आणला होता. “मॅम, आय थिंक यू ड्रॉप्ड धिस.” आईंनी थँक्यू म्हणून घेतला, तो लांब गेल्यावर पुन्हा सोडला. त्याने पुन्हा आणून दिला! तिसऱ्यांदा काही आईंचा धीर झाला नाही. “दर्यानेच प्रसाद म्हणून परत दिलाय,” म्हणाल्या, आणि आम्ही तो खोलीत फोडून खाल्ला.

बाबा वाळूतून सगळं बघत होते. “ठीक आहे. माणसं प्रामाणिक आहेत.”

* * *

त्याच संध्याकाळी बाबांनी स्वतःहून सगळ्यांना बाहेर काढलं. “चला, सूर्यास्त चुकायला नको.” प्रसाद इतका खूश झाला की धावत जाऊन चटई, चिवडा, थर्मासमधला चहा असं सगळं घेऊन आला. समुद्राकडे तोंड करून आम्ही ओळीने बसलो.

आकाश गुलाबी झालं, मग जांभळं झालं. सूर्याचा पत्ता नाही. बाबा म्हणाले, “ढग असावा.” चिवडा संपला. सई वाळूत किल्ला करत होती, तिने मान वळवली आणि म्हणाली, “आजोबा, द सन इज ओव्हर देअर. बिहाइंड द पार्किंग लॉट.”

आम्ही सगळे मागे वळलो. हॉटेलच्या पार्किंगमागे सूर्य जवळजवळ बुडाला होता. समुद्र पश्चिमेलाच असतो, हे आम्हा कोकणातल्या माणसांच्या हाडात इतकं मुरलेलं, की अमेरिकेचा नकाशा फळ्यावर शेकडो वेळा काढलेल्या मास्तरांनाही हा किनारा पूर्वेचा आहे हे आठवलं नाही.

बाबा परत समुद्राकडे वळले. मग म्हणाले, “नकाशात बरोबर होतं.”

मी हसून घेतलं, पण प्रसादचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो.

* * *

सकाळी अंधारातच दारावर टकटक. बाहेर बाबा, कानटोपी घालून. “उठा सगळे. सूर्य इकडून यायला हवा.”

बीचवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. समुद्राची कड आधी तांबूस झाली, मग पाण्यातून लाल कड वर आली, थरथरत, ओली असल्यासारखी. बघता बघता सगळा सूर्य पाण्यातून सुटला. आईंनी हात जोडले. बाबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

“सत्तर वर्षं याला आत जाताना बघतोय,” ते म्हणाले. “बाहेर येताना आज पाहिला.”

प्रसाद वाट बघत होता. ‘ठीक आहे’ काही आलं नाही. सूर्य हातभर वर येईपर्यंत बाबा तसेच उभे होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, एकदम दचकले आणि म्हणाले, “फोन दे. लवकर.”

“अण्णा, कुठे आहेस?”

“कुठे असणार? वाळूत. आत्ताच टेकलाय पाण्याला.”

“तोच इकडे माझ्यासमोर आहे. समुद्रातून वर आलाय.”

पलीकडे नुसत्या लाटा ऐकू आल्या. आमच्या लाटा आणि त्यांच्या लाटा.

“काय सांगतोस दादा?”

“प्रसादने आणलं रे इथे. तू बघायला हवा होतास.”

प्रसादने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. त्यानंतर दोघे भाऊ काहीच बोलले नाहीत. फोन हातात धरून बाबा समोर बघत होते, अण्णाकाका तिकडे बघत असणार. कार्डातली बाई मधेच इंग्रजीत एक मिनिट उरल्याचं सांगून गेली. कुणी लक्ष दिलं नाही.

“अर्धा राहिला,” अण्णाकाका म्हणाले. मग थोड्या वेळाने, “गेला रे दादा.”

बाबांनी समोरच्या सूर्याकडे नीट पाहून घेतलं.

“पोचला,” ते म्हणाले, आणि फोन प्रसादच्या हातात दिला.