दुबईत शिवलेला खलाशी

विमान खाली उतरू लागलं तेव्हा मला सगळ्यात आधी क्रेन दिसल्या. इतक्या, की मोजायला सुरुवात करून सोडून दिलं. त्यातली एकही हलत नव्हती.

"सहा महिन्यांपूर्वी आला असतात ना ताई, तर या गरागरा फिरताना दिसल्या असत्या," शेजारचा रत्नागिरीकडचा सुतार म्हणाला. तो रजा संपवून परत चालला होता, पण काम शिल्लक आहे की नाही हे त्याला तिथे गेल्यावरच कळणार होतं.

मी काही फिरायला गेले नव्हते. २००९चा मार्च होता, मंदीने दुबईतली बांधकामं थांबली होती. माझी धाकटी बहीण वर्षा बारा वर्षं दुबईत होती. तिचा नवरा नितीन एका टॉवरच्या कामावर इंजिनिअर. टॉवर अठराव्या मजल्यावर थांबला आणि नितीनची नोकरीही. महिनाभरात व्हिसा रद्द होणार, तोवर घर आवरायचं. माझं साताऱ्यात ड्रेपरीचं दुकान आहे, म्हणजे शाळांच्या गॅदरिंगला आणि नाटकांना वेश भाड्याने देण्याचं. पंचवीस मावळे मी एका ट्रंकेत बसवते. बहिणीला तीन बॅगांत बारा वर्षं बसवायची होती, म्हणून तिने मला बोलावलं.

विमानतळावरून घरी जाताना मी कपडेच बघत होते. सवय. इथले पुरुष पांढरा कंदुरा (पायघोळ झगा) घालतात आणि बायका काळा अबाया (तोही पायघोळ झगाच). बेतण्याच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही. वर्षाला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "ताई, हे कुणासमोर मोठ्याने बोलू नकोस."

घरात वर्षा, नितीन आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी मृण्मयी, म्हणजे मिनू. नितीन दुसऱ्याच दिवशी रुवैसला मुलाखतीला गेला. तिथे तेलाचा कारखाना आहे, तिथे तरी काही जमतंय का बघायला. जाताना म्हणाला, "इन्शाल्ला." बारा वर्षांत आमचा हा सत्यनारायण घालणारा माणूस इन्शाल्ला म्हणायला लागला होता.

मी मिनूच्या खोलीपासून सुरुवात केली. कपाटभर जपानी चित्रकथा. त्यांना मांगा म्हणतात. "हे सगळं टाकायचं," वर्षाने बाहेरून सांगितलं. मिनू पलंगावर बसून माझ्याकडे बघत राहिली. न बघता मी काहीच टाकत नाही, म्हणून एक मालिका वाचायला घेतली. सहा पुस्तकं, कपाटात डावीकडून ओळीने घेतली. इंग्रजीत होती, शब्द कमी, चित्रं भरपूर.

दोन दिवस दुपारी वाचली आणि माझं डोकं चक्रावलं. एक तरुण खलाशी गावाच्या बंदरात उभा असतो, समोर हुबेहूब त्याच्यासारखा दुसरा. दोघं भांडतात. मग तो जहाजावर जातो, वादळं होतात, हळूहळू लहान होत जातो, आणि शेवटी झगा घातलेली मुलगी होऊन घरात बसतो. मध्ये जिथे तो आंघोळ करतोय तिथे चित्रांवर काळ्या मार्करने जाड पट्टे मारलेले. त्याखाली बाई आहे की पुरुष, ते उजेडात धरूनही कळेना.

"हे काळं कुणी केलं?" मी विचारलं.

"इथे मिळतात ती अशीच मिळतात. दुकानात यायच्या आधीच करतात," मिनू म्हणाली. "पण मावशी, तू कुठून वाचलंस?"

मी पहिलं पान दाखवलं. ती हसून लोळायला लागली. "दॅट्स द एंड! मावशी, यू रेड द होल थिंग बॅकवर्ड्स!"

जपानी पुस्तकं आपल्या शेवटच्या पानापासून सुरू होतात, आणि मिनूने ती कपाटातही उजवीकडून लावली होती. सहा पुस्तकांची गोष्ट मी शेवटाकडून वाचली होती. गेले चार दिवस रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर उजवीकडून डावीकडे अरबी बघत होते, तरी डोक्यात आलं नाही.

मग तिने नीट सांगितलं. एका मुलीचा भाऊ समुद्रात बुडतो. घरात मिळवतं कोणी नाही, म्हणून ती त्याचा कोट घालून, त्याचं नाव लावून जहाजावर जाते. सात वर्षं खलाशी म्हणून काढते. एके दिवशी भाऊ जिवंत परत येतो. गाव म्हणतं, आता काढ तो कोट. ती म्हणते, नाही काढणार.

"का नाही काढणार?" मी विचारलं. "काम झालं की."

"बिकॉज इट्स नॉट हिज कोट एनी मोअर."

मला ते पटलं नाही. पण कपाटात नुसती हीच एक गोष्ट नव्हती. एकात मुलगा मुलींच्या वसतिगृहात मुलगी होऊन राहतो, एकात दोघांची शरीरंच बदलतात, एकात मुख्य पात्र मुलगा की मुलगी हे शेवटपर्यंत सांगतच नाहीत. मी म्हटलं, यात नवीन काय? आपल्याकडे पूर्वी पुरुषच शालू नेसून रंगभूमीवर यायचे आणि बायका त्यांच्या पदराची फॅशन उचलायच्या. मी स्वतः कन्याशाळेच्या शेकडो मुलींना मिशा लावल्या आहेत.

मिनू एकदम उठून बसली. "यू कॅन डू दॅट? म्हणजे, प्रॉपरली?"

तेव्हा तिने खरी गोष्ट काढली. पुढच्या शुक्रवारी दुबई मरीनाच्या मॉलमधल्या एका हॉलमध्ये मांगा वाचणाऱ्या मुलामुलींचा मेळावा होता. सगळे आवडत्या पात्राच्या वेशात येणार. तीन वर्षं ती साध्या कपड्यांत जाऊन बाजूला उभी राहत होती. या वेळी तिला तो खलाशी व्हायचं होतं. पुढच्या वेळी ती इथे नसणार होती.

वर्षा भडकली. "अगं, व्हिसा कॅन्सल व्हायचाय अजून. मुलींनी पुरुषासारखं हिंडलेलं इथे चालत नाही. कुणी पकडलं, पोलिसात नाव गेलं, तर आपण तिघं इथेच अडकू. तुझ्या त्या खलाशासाठी?"

मिनू पलंगावरून उठली. कपाटाजवळ जाऊन तिने स्वतःच पुस्तकं खोक्यात भरायला सुरुवात केली. टाकायच्या खोक्यात. तिचं ते निमूटपणे भरणं मला बघवेना.

"मी बरोबर जाते," मी म्हटलं. "घरापासून हॉलपर्यंत वरून अबाया घालेल. आत काढेल, निघताना परत घालेल."

वर्षाने खोक्यातल्या पुस्तकांकडे बघितलं. "दोन तास. आणि रस्त्यावर ती मुलगीच दिसली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बर दुबईच्या कापडबाजारात गेलो. दुकानदार सिंधी. गडद निळं जाड कापड बारा दिरहम वार, म्हणजे आपले एकशे पासष्ट. त्याने कोणासाठी म्हणून विचारलं, मी म्हटलं खलाशासाठी. "मॅडम, जहाजपे अभी भरती हो रहा है क्या? मेरे भांजे को भी बोलो," तो म्हणाला. बाजारात ग्राहक आम्ही दोघीच होतो. शेजारच्या टपरीवरून त्याने आम्हाला कराक (दुधाचा दाट, वेलचीचा चहा) मागवून दिला.

वर्षाच्या मशिनवर मी तीन दिवसांत कोट केला. उंच कॉलर, दुहेरी बटणपट्टी, खांद्यात थोडं भरण. अबाया शेजारच्या केरळी सफियाबाईंनी दिला. शुक्रवारी दुपारी मी मिनूला उभं केलं, महाराजांचं काम करणाऱ्या मुलींना बांधते तसा सुती पट्टा छातीवर बांधला, श्वास घेता येतो ना बघितलं, वर कोट चढवला, केस मागे घट्ट दाबून बसवले. पंधरा मिनिटांचं काम.

मग तिला आरशाकडे वळवलं. या क्षणी मुली काय करतात ते मला पाठ आहे. खिदळतात, मैत्रिणीला ढकलतात, मिशी टोचते म्हणून तक्रार करतात. मिनूने यातलं काहीच केलं नाही. ती नुसती उभी राहिली. खांदे आपोआप खाली आले, जसे प्रवासातून घरी आल्यावर येतात. दुकानाच्या तीस वर्षांत असं उभं राहिलेलं मी कुणाला बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "खालच्या काठाला दोरा लोंबतोय," आणि खाली वाकले.

बायकांसाठीच्या गुलाबी छताच्या टॅक्सीने गेलो. चालवणारीही बाईच. मागे मी आणि अबायातली मिनू. मुलगी, तिच्यावर मुलगा, त्याच्यावर परत मुलगी. मी स्वतः केलेलं हे पॅकिंग मला नीट समजत नव्हतं.

हॉल भरलेला होता. फिलिपिनो, इराणी, मल्याळी, इथली अरब मुलंमुली. एका काळ्या अबायाखालून जांभळा केसांचा टोप बाहेर येत होता. झालरीचा फ्रॉक घातलेल्या कुणाच्या तरी खांद्याचा बंद तुटला होता. माझ्याकडे सुईदोरा असतोच. शिवता शिवता मी सरळ विचारलं, "तू मुलगा की मुलगी?"

"टुडे, आंटी?" ते पोर म्हणालं. बाजूचे सगळे हसले. मीही हसले, पण उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

मिनू खोलीच्या मध्यभागी होती. लोक तिचा फोटो काढायला रांगेत उभे होते. माझ्या कोटाची बटणपट्टी किती सरळ बसली आहे हे लांबूनही दिसत होतं.

दोन तास झाले. हॉलमधून बाहेर पडलं की मॉलचा कॉरिडॉर, आणि अबाया घालायला जागा म्हणजे कॉरिडॉरमधलं स्वच्छतागृह. आत येताना अबाया हॉलच्या पडद्यामागे काढला होता, आता तिथे खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. मिनू दोन दरवाज्यांच्या मधोमध थांबली. एकावर बाईचं चित्र, एकावर पुरुषाचं. ती हलेचना. मी तिचा दंड धरून बायकांच्या दरवाज्यात ओढलं.

आतली सफाईवाली ओरडली, "नो बॉय! मॅडम, नो बॉय हिअर!" दोन बायका घाईने बाहेर गेल्या. लगेच सुरक्षारक्षक आला. पठाणी अंगाचा, हिंदी बोलणारा. "ये लड़का आपके साथ है?"

आता मला दोनच उत्तरं होती. मुलगा म्हणावं, तर मुलगा बायकांच्या स्वच्छतागृहात काय करत होता? मुलगी म्हणावं, तर मुलीच्या अंगावर पुरुषाचे कपडे कसे? दोन्हींच्या शेवटी वर्षाचा व्हिसा होता. मिनू माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण नुसती भीती नव्हती. मी काय म्हणते ते तिला ऐकायचं होतं.

मी पिशवीतून टेप, कात्री आणि टाचण्यांची डबी काढून त्याच्यापुढे धरली. "भैया, ड्रामा है. मैं कपड़ेवाली. ड्रेस उतारने को आए."

त्याने डबीकडे बघितलं, मग कोटाकडे. "ड्रामा खलास?"

"खलास."

"तो यल्ला, जल्दी करो."

मी जल्दी केलं. दोन मिनिटांत अबाया चढला आणि आम्ही टॅक्सीत बसलो. आपण किती शिताफीने सुटलो हे मला सांगायचं होतं, पण मिनू खिडकीबाहेर बघत होती. थांबलेले टॉवर एकामागून एक जात होते.

"तू ड्रामा म्हणालीस," ती मराठीत म्हणाली.

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"माहीत नाही." ती माझ्याकडे वळली. "पण मावशी, ड्रामा नव्हता तो."

"मग काय होतं?"

"माहीत नाही म्हटलं ना."

मलाही माहीत नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. तिला ते चालल्यासारखं दिसलं.

रुवैसचं काही जमलं नाही. नितीन परतला, पुण्याला त्याच्या भावाकडे उतरायचं ठरलं. खलाशाची सहा पुस्तकं मी माझ्या बॅगेत साड्यांखाली घातली. वर्षाने बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. कोट मिनूच्या बॅगेत होता. माझ्या निघायच्या दिवशी सकाळी मिनू टेप घेऊन आली.

"माझं माप घे. एक शर्ट शिव. पण नाटकातला नको. कुठल्या पात्राचा नको. रोज घालायचा."

"मुलांच्या बेताचा?"

"हो. आणि पुढे सैल ठेव."

मी माप घेतलं. पुढे किती सैल, ते तिने स्वतः छातीपुढे कापड धरल्यासारखा हात धरून दाखवलं.

साताऱ्याला आल्यावर लोक विचारत होते, दुबई कशी आहे. मी क्रेनबद्दल सांगितलं, कराकबद्दल सांगितलं, वर्षाचं सामान कसं बसवलं ते सांगितलं. बाकीचं कसं सांगायचं ते कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. सोळाव्या वर्षी हे काय असतं, पुढे काय होतं, तिच्या आईशी मी काय बोलायचं, हे विचारायचं तरी कुणाला? मी लोकांना दुसरं कोणी करून देते आणि रात्री ते परत घडी घालून ट्रंकेत ठेवते. परत न येणारा कपडा मी कधी शिवला नव्हता.

पुढच्या आठवड्यात शर्ट बेतायला घेतला. साधं पांढरं सुती कापड, बारीक निळी रेघ. आमच्या दुकानात कापड टेबलावर आलं की माझ्या मदतीला असलेली कुसुम त्याला पात्राची चिठ्ठी टाचते, गोंधळ होऊ नये म्हणून. ती पेन घेऊन आली.

"बाई, हा कुणाचा? शिपाई? मास्तर?"

"चिठ्ठी नको," मी म्हटलं. "घरचा आहे."